सोंगावर बांधलेली नजर

उंबरमाळीच्या पुढचं स्टेशन कसारा. तिथून विहीगाव, खोडाळा करत मोखाड्याच्या बोहाड्याला, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाला, पोहोचलं की आमच्याकडची जाणती माणसं आधी बसायची जागा हेरतात. (मोखाडा २०१४ पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरात.) सांबळ आणि पिपाणीच्या ठेक्यावर सोंगं वाटेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नाचत येतात. कडेला बसलात तर झुंजणाऱ्या दोन्ही सोंगांची पावलं दिसतात. टोकाला बसलात तर राक्षस थेट अंगावर येतो, पोरं आईच्या पदराआड शिरतात. उंच ओट्यावर चढलात तर सगळा खेळ दिसतो, पण भीती वाटत नाही.

रोल-प्लेइंग, म्हणजे वीराची भूमिका घेऊन खेळायच्या, व्हिडिओ गेमवाल्यांनी चाळीस वर्षं बहुतेक याच तीन जागा आलटूनपालटून पाहिल्या, असं माझं मत आहे.

१९८१ साली अमेरिकेत 'विझर्डरी' आला. सहा जणांची टोळी भुयारात उतरते, राक्षस समोर उभा ठाकतो, आणि लढायचं म्हणजे यादीतून वार निवडायचा. त्याच वर्षीच्या 'अल्टिमा'त बाहेरचा मुलूख वरून दिसे, भुयारात शिरलं की मात्र नजर वीराच्या डोळ्यांतून. जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट'ने (१९८६) नकाशा वरून आणि राक्षस समोरून ठेवला. 'फायनल फँटसी' (१९८७) कडेला जाऊन बसला: डावीकडे राक्षस, उजवीकडे आपले वीर, पाळी आली की वार.

१९९६च्या अगदी अखेरीस आलेला 'डायब्लो' मी शहापूरला तासाचे पैसे मोजून खेळलो, तोही बराच उशिरा. हा गेम आधी पाळीपाळीने खेळायचा ठरला होता. गेमचे एक निर्माते डेव्हिड ब्रेविक यांनी तो बेत मोडला आणि माऊस दाबला की त्या क्षणी वार होऊ लागला. कॅमेरा मात्र वरून, तिरका. त्यामुळे कोण कुठून घेरतंय आणि पळायला वाट कुठे आहे, दोन्ही कळतं. म्हणूनच राक्षसांची झुंडच्या झुंड अंगावर सोडता येते. समोरून बघणाऱ्याला अशा गर्दीत पाठीमागून कोण मारतंय हेच कळलं नसतं.

समोरून बघण्यात आणखी एक भानगड आहे. 'मोरोविंड'मध्ये (२००२) तलवार जनावराच्या अंगातून आरपार गेलेली दिसते, तरी वार लागत नाही, कारण आत हिशोबाचे फासे पडत असतात. मला त्याचा भयंकर राग येई. फासे जुनेच होते. लांबून बघताना ते खटकत नव्हते इतकंच. २००६च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये मग तलवार टेकली की लागली.

पाठीमागच्या कॅमेऱ्याचं कोडं निराळं. वीर वळला की शत्रू नजरेआड. 'झेल्डा' मालिकेवर काम करणारी निंटेंडोची माणसं क्योटोतल्या तोएई कंपनीच्या चित्रपट-गावात गेली होती. तिथे निंजांचा खेळ चालला होता. दोन गोष्टी त्यांनी टिपल्या. गुंड पुष्कळ, पण चाल करून येतो एकेकच, बाकीचे थांबतात. आणि साखळदंडाच्या विळ्याने दोघे जोडले गेले की एक दुसऱ्याभोवती गोल फिरतो. त्यातून 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये (१९९८) 'झेड' बटण दाबून शत्रूवर नजर बांधायची युक्ती निघाली. 'डेमन्स सोल्स'सारख्या (२००९) पुढच्या रोल-प्लेइंग गेममध्येही लढताना अशी नजर बांधता येते.

हे वाचलं तेव्हा मला जपानचं नवल वाटलं नाही. बोहाड्यातही मुखवट्याची भोकं एवढीशी असतात. नाचणाऱ्याला समोरच्या सोंगाखेरीज फारसं काही दिसतच नाही. एकमेकांवरची नजर न सोडता ती दोघं फिरतात, आणि त्यांचं होईतो बाकीची सोंगं खोळंबतात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' आणला. हा निखळ रोल-प्लेइंग नव्हे, पण असुर आहेत, दुर्गेने दिलेला त्रिशूळ आहे, आणि हरवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली पोर आहे. ती खांबाभोवती गिरकी घेते, भिंतीवर धावत जाऊन वार करते. अशा कसरती दिसायला कॅमेरा लांबच हवा, आणि त्यांनी तो ओट्यावरच ठेवलाय. शिवाय लहान चमूला ते परवडतंही. कॅमेरा जिथे वळणार नाही तिथलं रंगवावं लागत नाही. राजवाडे त्यामुळे फार देखणे दिसतात. खांबापलीकडचा असुर नक्की किती हातांवर आहे, हे मात्र मला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही.