गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे मोल : हस्तिदंती सांध्यापासून दरनियंत्रणापर्यंत

मांगीतुंगीच्या पायऱ्या, शत्रुंजयाची चढण, सम्मेदशिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना ही श्रावकाच्या श्रद्धेची जितकी कसोटी आहे, तितकीच त्याच्या गुडघ्यांचीही आहे. पूर्वी साठी उलटली की डोलीचा आधार घ्यावा, अथवा तळाशी बसूनच भाववंदना करावी, असा प्रघात होता. आज अनेक ज्येष्ठ श्रावक-श्राविका कृत्रिम सांधा बसवून घेऊन पुन्हा चालू-फिरू लागलेल्या दिसतात. उपाश्रयात आणि प्रवचन मंडपात मागच्या ओळीत ज्या खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांच्याशीही या शस्त्रक्रियेचा जवळचा संबंध आहे. मात्र ज्या घरात हा प्रश्न उभा राहतो, तेथे पहिली चर्चा होते ती खर्चाची. एकाच शहरात एका रुग्णालयात एका गुडघ्यास दीड-दोन लाख रुपये सांगितले जातात, तर दुसऱ्या रुग्णालयात चार-पाच लाख. हा फरक कोठून येतो हे समजून घ्यावयाचे असेल, तर या शस्त्रक्रियेचा इतिहास थोडा उलगडून पाहणे इष्ट ठरेल.

कृत्रिम गुडघ्याचा पहिला ज्ञात प्रयत्न १८९० साली जर्मनीत बर्लिन येथे झाला. थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यविशारदाने क्षयाने पोखरलेल्या सांध्याच्या जागी हस्तिदंताची बिजागरी बसविली. हाडात ती पक्की करण्यासाठी त्याने प्लास्टर, प्यूमिस दगडाची भुकटी आणि राळ यांचे मिश्रण वापरले होते. अहिंसाधर्मी वाचकास हस्तिदंताचा उल्लेख खटकल्याशिवाय राहणार नाही. परंतु त्या काळी शरीरात टिकेल असा दुसरा पदार्थ वैद्यकास फारसा ठाऊक नव्हता. क्षयाच्या जंतूंमुळे ते सांधे सडले आणि प्रयत्न फसला. पुढील साठ वर्षे या दिशेने फारसे घडले नाही. १९५१ साली स्वीडनच्या वाल्डियस यांनी अ‍ॅक्रिलिकची बिजागरी वापरली, पुढे ती धातूची झाली. तथापि मानवी गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा केवळ उघडत-मिटत नाही. वाकताना तो किंचित सरकतो आणि वळतोही. त्यामुळे या बिजागऱ्या हाडातून सैल होत.

खरी कलाटणी मिळाली ती इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे. जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी १९६२ पासून धातू आणि पॉलिएथिलीन यांची जोडी वापरली व दंतवैद्यांच्या वापरातील अ‍ॅक्रिलिक सिमेंटने सांधा हाडात बसविला. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियागृहात गाळलेल्या शुद्ध हवेचा झोत सोडण्याची व्यवस्था केली. आजच्या बिलातील ‘ऑपरेशन थिएटर’ या रकमेचे मूळ अशा व्यवस्थांत आहे, हे ध्यानी घ्यावे. त्यांच्याकडे शिकण्यास आलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ साली हीच तत्त्वे गुडघ्यास लावली. बिजागरी टाकून देऊन त्यांनी हाडाच्या दोन्ही टोकांवर वेगवेगळे घटक बसविले. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. तो सर्वांसाठी प्रसिद्ध केला. अपरिग्रहाचे संस्कार असलेल्या समाजास या गृहस्थाविषयी आपुलकी वाटावी, इतके हे वेगळे उदाहरण आहे. त्यानंतर या क्षेत्रात पेटंटांचे आणि कंपन्यांचे युग आले व सांध्याची किंमत बाजार ठरवू लागला.

आज जगभर बसविला जाणारा सांधा ज्याचा वंशज आहे, तो ‘टोटल कॉन्डायलर’ सांधा न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेत तयार झाला आणि १९७४ मध्ये प्रथम वापरात आला. जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत ही त्यामागील प्रमुख नावे होत. म्हणजे अनेक संस्थांप्रमाणे या सांध्याचाही सुवर्णमहोत्सव नुकताच होऊन गेला, असे म्हणता येईल. डॉ. राणावत हे मध्य प्रदेशातील सरवानिया या गावचे, आणि त्यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरला झाले. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच शस्त्रक्रिया केली. त्या दिवसांत वृत्तपत्रांनी गुडघ्याच्या आकृत्या छापल्या आणि ‘गुडघा बदलता येतो’ ही गोष्ट घराघरांत पोहोचली. भीती कमी झाली, मागणी वाढली. सांधे बहुतांशी परदेशातून येत असत व त्यांच्या किमतीवर कोणतेही बंधन नव्हते.

पुढील दीड दशकात काय घडले, हे राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने २०१७ साली उघड केले. कोबाल्ट-क्रोमियमच्या साध्या सांध्याची छापील किंमत सरासरी १,५८,३२४ रुपये होती, टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या विशेष धातूंच्या सांध्याची २,४९,२५१ रुपये आणि अधिक वाकणाऱ्या ‘हाय फ्लेक्स’ सांध्याची १,८१,७२८ रुपये. आयातीच्या किमतीपासून रुग्णाच्या बिलापर्यंत पोहोचेतो त्यावर सरासरी ३१३ टक्के नफा चढत असे. शंभर रुपयांची वस्तू चारशे तेरा रुपयांस, असा हा हिशेब. मधल्या साखळीत आयातदार, वितरक आणि रुग्णालय असे सर्वच होते. रुग्ण मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर असे. किराणा दुकानाप्रमाणे त्याला दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नव्हती.

१६ ऑगस्ट २०१७ रोजी कमाल किमती ठरविण्यात आल्या. त्यांची फोड पाहण्याजोगी आहे. कोबाल्ट-क्रोमियम सांध्यात मांडीच्या हाडावरील घटक २४,०९० रुपये, नडगीवरील तबक १६,९९० रुपये, त्या दोहोंमधील पॉलिएथिलीनची गादी ९,५५० रुपये आणि गुडघ्याच्या वाटीचा घटक ४,०९० रुपये; एकूण ५४,७२० रुपये. विशेष धातूंसाठी हीच रक्कम ७६,६००, हाय फ्लेक्ससाठी ५६,४९० आणि जुना सांधा काढून नवा बसविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी १,१३,९५०. वस्तू व सेवा कर यावर वेगळा. पुढे या नियंत्रणास वेळोवेळी मुदतवाढ मिळाली आणि किमतींत फेरबदलही झाले. म्हणून उपरोक्त आकडे २०१७ चे समजावेत.

या आकड्यांत एक बोलकी गोष्ट दडली आहे. नियंत्रणापूर्वी साधा सांधा आणि हाय फ्लेक्स सांधा यांच्या सरासरी किमतीत २३,४०४ रुपयांचे अंतर होते. नियंत्रणानंतर ते १,७७० रुपयांवर आले. मांडी घालून बसणाऱ्या, सामायिक आणि प्रतिक्रमण करणाऱ्या भारतीयांना ‘हा सांधा अधिक वाकतो’ असे सांगून तो विकला जात होता. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारच्या रुग्णांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत गुडघा किती वाकतो यात लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे बव्हंशी तो आधी किती वाकत होता आणि नंतर व्यायाम किती नेटाने केला, यावर अवलंबून असते. सांधा कोणताही असो, जमिनीवर बसणे शक्यतो टाळावे असाच सल्ला बहुतेक तज्ज्ञ देतात. पद्मासनाच्या आशेने महाग सांधा घेतलेल्या अनेकांना अखेर खुर्चीवरच सामायिक करावे लागले.

सांध्याची किंमत बांधली गेली, तरी एकूण बिलांतील तफावत संपली नाही, कारण सांधा हा बिलाचा एक भाग आहे. आपल्याकडील पुष्कळ खासगी रुग्णालयांत खोलीच्या वर्गानुसार केवळ खोलीभाडेच नव्हे, तर शल्यविशारदाचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे आणि तपासण्यांचे दरही बदलतात. तोच सांधा, तेच डॉक्टर, तेच टेबल. परंतु सामान्य कक्षातील रुग्णास एक आकडा आणि स्वतंत्र खोलीतील रुग्णास दुसरा. वैद्यकीय विमा असलेल्यांनाही हे माहीत नसते. विम्यात खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि वरच्या वर्गाची खोली घेतली, तर विमा कंपनी अनेकदा इतर रकमाही त्याच प्रमाणात कापते. त्यामुळे दिवसाला हजार-दीड हजाराचा वाटणारा फरक शेवटी मोठ्या रकमेवर जातो.

यंत्रमानवाच्या, म्हणजे रोबोटच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया हे अलीकडचे कारण. हाडाचा छेद अधिक अचूक घेता येतो हे खरे. पण यंत्राची किंमत, देखभाल आणि प्रत्येक वेळी लागणारे एकदाच वापरायचे साहित्य यांचा भार रुग्णावर येतो. दीर्घकाळात असा सांधा अधिक टिकतो हे अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही. टिकाऊपणाविषयी भरवशाची माहिती मिळते ती सांध्यांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांतून. स्वीडनने १९७५ पासून गुडघ्याच्या सांध्यांची अशी नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. अशा नोंदींच्या आधारे २०१९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ८२ टक्के सांधे पंचवीस वर्षे टिकतात.

बिलातील एका ओळीकडे जैन कुटुंबांनी आवर्जून पाहावे. शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देण्यात येणारे एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून तयार होते. तोंडाने घ्यावयाची पर्यायी औषधे उपलब्ध आहेत. ती त्या रुग्णास चालतील की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते, मात्र हा विषय शस्त्रक्रियेपूर्वी काढला तरच उपयोग होतो.

स्वस्त शस्त्रक्रिया नेहमीच लाभाची ठरते, असेही नाही. दुर्बिणीतून गुडघा ‘साफ करण्याची’ शस्त्रक्रिया संधिवाताच्या रुग्णांना अनेक वर्षे सुचविली जात असे, कारण ती सांधेबदलापेक्षा पुष्कळ कमी खर्चाची होती. २००२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींची शस्त्रक्रिया खरोखर झाली, तर काहींच्या त्वचेवर केवळ छेद घेण्यात आले. दोन वर्षांनी पाहता दोन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. फाटलेल्या स्नायुबंधासाठी वा अडकणाऱ्या गादीसाठी दुर्बीण उपयुक्त आहे, परंतु झिजलेल्या सांध्यासाठी केलेला तो खर्च बहुधा वाया जातो. याउलट गुडघ्याची एकच बाजू झिजली असेल, तर अर्धा सांधा बदलणे किंवा हाडाचा कोन सुधारणे असे कमी खर्चाचे मार्ग काही रुग्णांना लागू पडतात. ते सुचविले गेले नाहीत, तर विचारावेत.

समाजाच्या न्यासांपुढे वैद्यकीय साहाय्याचे जे अर्ज येतात, त्यांत या शस्त्रक्रियेचे अर्ज विशेष अवघड असतात. हा आजार जीव घेत नाही. म्हणून कर्करोग वा हृदयविकाराच्या अर्जापुढे तो मागे पडतो. अर्ज करणारी व्यक्ती बहुधा घरातील वृद्ध स्त्री असते आणि ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य ती स्वतःच प्रथम उच्चारते. वर्षानुवर्षे ती स्वयंपाकघर आणि देवघर एवढ्याच अंतरात वावरते, मंदिराची पायरी तिला दुरावते.

महाराष्ट्रात अशा कुटुंबांसाठी एक आधार कायद्यानेच दिला आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. त्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत, तसेच एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढविण्यात आली आहे. मोठमोठी पंचतारांकित वाटणारी अनेक रुग्णालये नोंदणीने धर्मादाय आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत गुडघेबदलाचा समावेश असून, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्यात आले. कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात मिळेल, हे मात्र राज्यागणिक वेगळे आहे.

येथे जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसमवेत मांडीपासून पाय गमावलेल्यांसाठी नायलॉनचा एक कृत्रिम गुडघा तयार केला. तेलामुळे सहज वाकणाऱ्या या गुडघ्याची किंमत सुमारे वीस डॉलर होती, आणि २००९ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याची त्या वर्षीच्या उत्तम शोधांत गणना केली. शरीरात बसविण्याच्या सांध्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. दोन्हींची गरज आणि घडण वेगळी आहे. पण वस्तू बनविण्याचा खर्च आणि ती विकण्याची किंमत यांत किती अंतर असू शकते, हे त्यावरून कळते.

२०१७ च्या आदेशात रुग्णालयांवर आणखी एक बंधन आहे. बिलात सांध्याची किंमत, त्याचे नाव, उत्पादक वा आयातदार आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे लिहावयाचा आहे. ‘पॅकेज’ असा एकच आकडा हाती आला, तर ही फोड लेखी मागता येते. गुडघ्याची वाटी बदललेली नसेल, तर वाटीच्या घटकाची रक्कम बिलात असण्याचे कारण नाही. दोन्ही गुडघे एकाच वेळी करावयाचे असतील, तर सांध्याची किंमत दुप्पट होते, पण खोली, तपासण्या आणि भूल यांचा खर्च दुप्पट होत नाही. सोबत व्यायामतज्ज्ञाचे पुढील सहा आठवड्यांचे शुल्क धरले आहे की नाही, तेही विचारावे लागते. बहुतेक अंदाजपत्रकांत ते धरलेले नसते.