श्री भवानी वस्तुसंग्रहालय व ग्रंथालय, औंध

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध येथे, यमाई देवीच्या डोंगरावर असलेले कलासंग्रहालय व ग्रंथालय. औंधचे संस्थानाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी स्वतःच्या संग्रहासाठी ते उभारले. इमारत १९३८ ची. बाळासाहेब स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते, आणि संग्रहाची निवड राजापेक्षा चित्रकाराची वाटते. दालनांत नैसर्गिक प्रकाश येईल अशी वास्तूची रचना आहे. राजा रविवर्मा (→ रविवर्मा, राजा), म. वि. धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे, पाश्चात्त्य अभिजात चित्रांच्या प्रतिकृती, लघुचित्रे, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम हे मुख्य विभाग होत. हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्प येथे आहे. एका लहान गावात मूरचे मूळ शिल्प असणे भारतात विरळाच. ग्रंथालयात ग्रंथ व हस्तलिखिते आहेत. ग्रंथप्रेमाचा हाच धागा पुण्यापर्यंत जातो : तेथे सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस (→ भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर) बाळासाहेबांनी आर्थिक साहाय्य दिले. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले (→ औंध संस्थान). संग्रहालयाची व्यवस्था आता महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.