तळटीप : ‘स्लो फूड’

* लेखकाने योजलेला ‘सावकाश जेवण’ हा शब्द फसवा आहे. प्रश्न घास बत्तीस वेळा चावण्याचा नाही. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स येणार म्हणून निदर्शने झाली. त्यांतून ब्रा गावच्या कार्लो पेत्रिनींची ही चळवळ वाढली. जाहीरनामा १९८९ चा, पॅरिसमधला. चिन्ह गोगलगाय. (गोगलगायींपायी सोयाबीन गमावलेल्या लातूरकर शेतकऱ्याला ते रुचणे कठीण!) खाणाऱ्याला पेत्रिनींनी शब्द दिला ‘सहउत्पादक’ : गिऱ्हाईक जे मागते तेच पुढच्या हंगामात पेरले जाते, न मागितलेले वाण शेतातून उठते. अशा विस्मृतीत चाललेल्या वाणांची आणि पदार्थांची यादी चळवळ १९९६ पासून ठेवते. नोहाच्या तारवावरून तिचे नाव ‘चवीचे तारू’. – संपा.