अनिवार्य लैंगिक वर्तन विकार आणि नैराश्य

लैंगिक वर्तनाचा तीव्र आवेग दीर्घकाळ आवरता न येणे आणि स्वतःचे नुकसान होत असूनही तेच वर्तन वारंवार घडत राहणे, या अवस्थेस अनिवार्य लैंगिक वर्तन विकार असे म्हणतात. बोलीभाषेत यास 'लैंगिक व्यसन' म्हटले जाते. हा विकार अनेकदा नैराश्यासोबत आढळतो. अशा वेळी दोन्ही व्याधींचे निदान व उपचार होणे आवश्यक असते.

वर्गीकरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती (आयसीडी-११) २०१९ मध्ये स्वीकारली गेली व १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत हा विकार व्यसनांमध्ये नव्हे, तर आवेग-नियंत्रणाच्या विकारांमध्ये समाविष्ट आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत (डीएसएम-५) मात्र 'अतिलैंगिकता विकारा'चा प्रस्ताव स्वीकारला गेला नाही.

निदान

हे वर्तन साधारणपणे ६ महिने किंवा अधिक काळ टिकलेले असावे लागते. आरोग्य, कुटुंब, शिक्षण वा नोकरीकडे दुर्लक्ष, थांबण्याचे वारंवार फसलेले प्रयत्न आणि समाधान मिळत नसतानाही वर्तन सुरू राहणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. केवळ कामेच्छा अधिक असणे हा विकार नव्हे. तसेच मनस्ताप केवळ नैतिक अपराधभावनेतून किंवा समाजाच्या नापसंतीच्या भीतीतून येत असेल, तर तेवढ्यावरून हे निदान करता येत नाही. हस्तमैथुनाविषयीच्या गैरसमजांतून खंतावणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

नैराश्याशी संबंध

नैराश्यात कामेच्छा बहुधा मंदावते. काही व्यक्तींमध्ये मात्र खिन्न वा चिंताग्रस्त असताना लैंगिक ओढ वाढते. एकाकीपणा किंवा रितेपणा क्षणभर विसरण्याचे साधन म्हणून हे वर्तन घडते. त्यानंतर लाज, आत्मग्लानी व लपवाछपवी येते, मन अधिक खचते आणि त्यातून सुटण्यासाठी व्यक्ती पुन्हा त्याच वर्तनाकडे वळते. कोणती व्याधी आधी सुरू झाली, हे प्रत्येक रुग्णात निराळे असू शकते.

वेगळी ओळखण्याजोगी कारणे

द्विध्रुवी विकारातील उन्मादावस्थेतही लैंगिक वर्तन अनावर होते. अशा रुग्णास केवळ नैराश्यविरोधी औषध दिल्यास उन्माद उफाळण्याचा धोका असतो. म्हणून नैराश्यापूर्वी झोपेची गरज कमी होणे, अमर्याद उत्साह वा उधळपट्टी असे काही घडले होते का, याची चौकशी केली जाते. कंपवातावरील प्रामिपेक्सोलसारखी औषधे, काही मादक द्रव्ये आणि मेंदूचे काही आजार हीदेखील कारणे असू शकतात.

उपचार

बोधात्मक वर्तनोपचारात आवेग जागवणारे प्रसंग व मनःस्थिती ओळखून पर्यायी प्रतिसाद शिकवले जातात. नैराश्यासाठी दिली जाणारी एसएसआरआय गटातील औषधे कामेच्छाही कमी करू शकतात. मद्यासक्तीवर वापरले जाणारे नाल्ट्रेक्सोनही काही रुग्णांना दिले जाते, परंतु औषधांविषयीचा पुरावा मर्यादित आहे. औषधे मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत अथवा थांबवावीत.

लाजेमुळे रुग्ण अनेकदा फक्त उदासीची तक्रार सांगतो व मूळ वर्तन लपवतो. त्यामुळे उपचार अपुरे राहतात. भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये रुग्णास गोपनीयतेचा अधिकार आहे. आत्महत्येचे विचार येत असल्यास तातडीने मदत घेणे आवश्यक असते. शासनाची टेली-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.