सेड : महिरपी कंसातील कमांडगट

युनिक्सच्या सेड या संपादकात, एखाद्या पॅटर्नशी जुळणाऱ्या ओळींवर अनेक कमांड एकामागून एक चालवण्याची सोय. पॅटर्न दोन तिरप्या रेघांमध्ये लिहून त्यापुढे महिरपी कंसात कमांड मांडतात. गटात गट घालता येतो. पॅटर्ननंतर उद्गारचिन्ह दिल्यास न जुळणाऱ्या ओळी निवडल्या जातात.

मूळ कल्पना केन टॉमसन यांच्या एड या संपादकातली. त्यातील ‘जी’ कमांड आधी फाइलभर फिरून जुळणाऱ्या ओळींवर खूण करते आणि मग खूण केलेल्या प्रत्येक ओळीवर दिलेल्या कमांड चालवते. बेल लॅबोरेटरीजमधील ली मॅकमहोन यांनी १९७३-७४ च्या सुमारास लिहिलेला सेड मात्र फाइल एकदाच, एकेक ओळ घेत वाचतो. पुढे काय आहे हे त्याला ठाऊकच नसते, त्यामुळे आधी खुणा करून ठेवणे शक्य नाही. जुळणी त्या त्या ओळीपुरती, कंसाच्या दारात होते.

ही जुळणी एकदाच होते, आणि कंसाचा खरा उपयोग यातच आहे. समजा, ‘रद्द’ असलेल्या ओळींत त्या शब्दाऐवजी ‘परत’ घालायचे आहे आणि ओळीच्या शेवटी ‘देय’ जोडायचे आहे. दोन्ही कमांडना ‘रद्द’ हा पॅटर्न वेगवेगळा लावला, तर पहिल्या कमांडने शब्द बदलल्यावर दुसरीला तो सापडत नाही. ‘देय’ जोडले जात नाही आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही. गटात लिहिल्यास दोन्ही बदल होतात. टंकलेखन वाचावे म्हणून कंस वापरतात, हा समज त्यामुळे अपुरा आहे.

गटातील क्रम महत्त्वाचा. ओळ पुसणारी ‘डी’ कमांड चालली, की उरलेल्या कमांड सोडून सेड पुढची ओळ घेतो.

बंद कंसाबाबत आवृत्त्यांत मतभेद आहेत. ग्नू सेड शेवटच्या कमांडला चिकटलेला कंस चालवून घेतो. मॅकओएसवरील बीएसडी घराण्याचा सेड त्याआधी अर्धविराम किंवा नवी ओळ मागतो. मजकूर जोडणाऱ्या ‘ए’सारख्या कमांडपुढे अर्धविरामही मजकुराचाच भाग ठरतो. स्क्रिप्ट दोन्हीकडे चालवायची असेल, तर प्रत्येक कमांड आणि बंद कंस स्वतंत्र ओळीवर लिहावेत.