जिव्या सोमा म्हसे : चौकातून कागदावर

मी पेठचा. आमच्याकडं कोकणा, महादेव कोळी, वारली असे सगळेच. पण लग्नाचा चौक मी पहिल्यांदा नीट पाहिला तो डहाणूकडं दिलेल्या आत्याच्या घरी. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, मधोमध पालघट देवी. काढणार सवाशिणी, गाणी म्हणणार धवलेरी. लग्न उरकलं की चित्राचं कामही उरकलं. त्यावर सही कोण करतंय!

जिव्या म्हसेंचा जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातला. लहानपणीच आई गेली आणि या पोरानं बोलणंच टाकलं. काही वर्षं जे सांगायचं ते मातीत रेघा ओढून. पुढं डहाणूजवळ गंजाडला असताना त्यांनी काडी धरली. म्हणजे बघा, बाप्या माणसानं, आणि लग्न नसतानासुद्धा! १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद घेऊन आले, तेव्हा या माणसाकडं सांगायला कितीतरी साठलं होतं. भातलावणी, मुंग्या, तारप्याचा नाच. त्यांचं मासे धरायचं जाळं तर बघाच. बारीक रेघांनी कागदभर पसरलंय, आणि नजर त्यात अडकते ती अडकतेच.

१९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ला पद्मश्री. यादी मोठी आहे, सोडून देतो. मला भारी वाटतं ते २००३चं जर्मनीतलं, ड्युसेलडॉर्फचं प्रदर्शन. सोबत कोण? ब्रिटनच्या ब्रिस्टलचा रिचर्ड लाँग. हा गडी १९६७मध्ये गवतात पुन्हापुन्हा चालला आणि उमटलेल्या वाटेलाच त्यानं कलाकृती म्हटलं. आपल्याकडच्या एवन नदीचा चिखल हातानं भिंतीवर लावतो. एक सारवणारा, एक रेघा ओढणारा. जोडी जमणारच होती.

म्हसे २०१८च्या मे महिन्यात गेले. मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "त्याचं नाव झालं, ब्येस झालं. पण चौक आमीच लिहायचो ना रं?"

वारलीत चित्र 'लिहितात'. माझ्याकडं त्या लग्नाचा फोटो आहे. मागं मी नवरा-नवरीची नावं लिहिलीत, बस्स. आता आत्याला विचारून चौक लिहिणाऱ्यांची लिहितोय. तिघी सापडल्या. दोघी तिला अजून आठवत नाहीत.