दिव्यांगत्वविषयक अपील व सुनावणी (महाराष्ट्र)

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, नोकरीतील समान वागणूक आणि शासकीय सवलती यांविषयीच्या प्रशासकीय निर्णयाविरुद्ध दाद मागण्याच्या प्रक्रियेस दिव्यांगत्वविषयक अपील म्हणतात. महाराष्ट्रात ही प्रक्रिया प्रामुख्याने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चालते. सर्व तक्रारींची सुनावणी एकाच अधिकाऱ्यापुढे होत नाही. तक्रारीच्या स्वरूपानुसार प्राधिकारी बदलतो.

पार्श्वभूमी

१९९५च्या अधिनियमाने राज्य आयुक्तांचे पद निर्माण केले. त्याची जागा घेणारा २०१६चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला व त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार समाविष्ट झाले. राज्य आयुक्तांचे कार्यालय पुणे येथे आहे.

प्रमाणपत्राविरुद्ध अपील

किमान ४० टक्के दिव्यांगत्व असल्यास शासकीय नोकरीत ४ टक्के व उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षणाचा लाभ मिळू शकतो. त्यामुळे तपासणीत ३९ की ४० टक्के नोंद होते, यावर अर्जदाराचे भवितव्य अवलंबून असते. कलम ५९ नुसार, प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याचा निर्णय अमान्य असल्यास राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशेच्छू विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ टक्केवारीवरून उमेदवार अपात्र ठरत नाही, असा निर्णय दिला. मूल्यमापन मंडळाने अपात्रतेची कारणे नोंदवावीत आणि अपील यंत्रणा स्थापन होईपर्यंत मंडळाच्या प्रतिकूल मताविरुद्ध न्यायालयात दाद मागता यावी, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

भेदभावाची तक्रार

शासकीय आस्थापनेत नोकरीविषयक भेदभाव झाल्यास प्रथम त्या आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावयाची असते. तिची चौकशी दोन आठवड्यांत होणे अपेक्षित आहे. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. हक्कांपासून वंचित ठेवल्याच्या अन्य तक्रारींची चौकशी राज्य आयुक्त करू शकतात. ते स्वतःहूनही चौकशी हाती घेऊ शकतात.

आयुक्तांचे अधिकार व मर्यादा

साक्षीदारांना समन्स काढणे, कागदपत्रे मागविणे व प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र चौकशीअंती ते शिफारस करतात. संबंधित प्राधिकरणाने त्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावयाचे असते. शिफारस न स्वीकारल्यास त्याची कारणे त्याच मुदतीत आयुक्तांना व तक्रारदाराला द्यावी लागतात. १९९५च्या अधिनियमाखालील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, आयुक्तांना अंतरिम स्थगिती देण्याचा अधिकार नाही, असे ठरविले.

सुनावणी अधिकाऱ्याची निःपक्षता

अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या वादांत, त्या मुलाच्या शिक्षणाशी संबंधित शासकीय संस्थेचा कर्मचारी सुनावणी अधिकारी होऊ शकत नाही. तेथील काही राज्ये या कामासाठी बाहेरील विधिज्ञ करारावर नेमतात. महाराष्ट्रात सुनावणीचे काम शासननियुक्त प्राधिकारीच करतात. कराराने नेमलेला अधिकारी विभागाच्या अधिकारश्रेणीबाहेर असतो. तथापि त्याची नेमणूक व मानधन विभागाकडूनच होत असल्याने नियुक्तीच्या अटी महत्त्वाच्या ठरतात. दोन्ही पद्धतींत निःपक्षतेची कसोटी सारखीच आहे. ज्याच्या निर्णयाविरुद्ध अपील आहे, त्याने त्या अपिलाचा निवाडा करू नये.

पेण व रोहा तालुके

रायगड जिल्ह्यातील या दोन्ही तालुक्यांच्या मुख्य गावी रेल्वेस्थानक आहे व कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासून होतो. परंतु जिल्हा मुख्यालय असलेल्या अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. त्यामुळे जिल्हा रुग्णालय किंवा जिल्हाधिकारी कार्यालय गाठण्यासाठी रस्त्यानेच जावे लागते. आयुक्तांचे कार्यालय पुण्यास, तर उच्च न्यायालयाचे संबंधित पीठ मुंबईस आहे. चालता न येणाऱ्या किंवा सोबतीची गरज असणाऱ्या व्यक्तीस प्रत्येक तारखेला प्रवासखर्च व सोबत्याची बुडालेली मजुरी असा दुहेरी भार पडतो.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र असते. त्यासाठी अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो.